खासगी जागेतला समारंभ : परवानग्या, आवाजाची मर्यादा आणि शेजाऱ्यांचे हक्क

जागा आपली असली की तेथे किती वाजेपर्यंत आणि किती मोठ्याने समारंभ करायचा हे आपणच ठरवायचे, असे धरून अनेक कुटुंबे नव्या बंगल्यात, शेतघरात किंवा सोसायटीच्या गच्चीवर पहिला मोठा कार्यक्रम आखतात. कायद्याची दृष्टी वेगळी आहे. जागा कोणाच्या नावावर आहे याला तो फारसे महत्त्व देत नाही. कुंपणापलीकडे काय जाते, याची मात्र तो बारकाईने दखल घेतो. आवाज, धूर, रस्त्यावर लागलेल्या गाड्या, उष्टे आणि कचरा, मद्य घेऊन बाहेर पडणारे पाहुणे या सर्व गोष्टी कुंपण ओलांडतात, आणि त्या प्रत्येकीसाठी वेगळा नियम व वेगळे कार्यालय आहे. महाराष्ट्रात असा समारंभ प्रथमच करणाऱ्या यजमानाने काय, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगितले आहे. शेजाऱ्याची बाजूही सांगितली आहे, कारण आजचा यजमान उद्याचा शेजारी असतोच.

पहिली पायरी : कार्यक्रम खासगी आहे का, हे निश्चित करा

बारसे, मुंज, हळद, वास्तुशांत, वाढदिवस, साठीशांत अशा कार्यक्रमांना नावानिशी बोलावलेली माणसे येतात आणि कोणीही प्रवेशासाठी पैसे देत नाही. हा खासगी समारंभ होय. प्रवेशिका विकली, माणशी शुल्क घेतले किंवा समाजमाध्यमावर सर्वांना खुले आमंत्रण दिले, की जागा खासगी राहूनही कार्यक्रम सार्वजनिक करमणुकीच्या वर्गात जाण्याची शक्यता निर्माण होते. मग १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील परवाने, करमणूक शुल्क आणि अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र असे अनेक प्रश्न एकाच वेळी पुढे येतात. लोणावळा, कर्जत, अलिबाग, मुळशी या भागांत बंगला भाड्याने घेऊन माणशी पैसे गोळा करणाऱ्या तरुण मंडळींना आपण ‘मित्रांची पार्टी’ करतो आहोत असेच वाटत असते. परंतु अनोळखी लोकांकडून पैसे घेतल्यावर तो बचाव फारसा टिकत नाही. त्यामुळे निमंत्रितांची यादी, अंदाजे संख्या, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, ध्वनियंत्रणा असेल का आणि मद्य असेल का, एवढ्या बाबी आधी एका कागदावर लिहून काढाव्यात. पुढचे सर्व अर्ज याच कागदावरून भरता येतात.

दुसरी पायरी : जागेचे कागद आणि हद्द पाहा

आपली जागा महानगरपालिकेत, नगरपरिषदेत की ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते, आणि कोणत्या पोलीस ठाण्याच्या अखत्यारीत आहे, हे निश्चित करा. शहरालगतच्या गावांत या दोन हद्दी जुळतातच असे नाही, त्यामुळे ग्रामपंचायत जवळ आणि पोलीस ठाणे दहा किलोमीटरवर, असेही होते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी आपल्या गृहनिर्माण संस्थेचे उपविधी वाचावेत. गच्ची, वाहनतळ आणि मोकळी जागा ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता असते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सभासदाचाही गच्चीवर वेगळा हक्क नसतो. समितीकडे लेखी अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी, सचिवांनी जिन्यात दिलेला तोंडी होकार पुरेसा समजू नये. भाडेकरूंनी भाडेकरारातील अटी पाहाव्यात. शेतजमिनीवर किंवा निवासी भूखंडावर समारंभांसाठी वारंवार जागा भाड्याने द्यायची असेल तर तो जमिनीच्या मंजूर वापराचा प्रश्न होतो आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरण व महसूल कार्यालय यांच्याकडे स्वतंत्रपणे विचारणा करावी लागते. घरच्या एका कार्याला ही अडचण येत नाही.

तिसरी पायरी : आवाजाचे गणित समजून घ्या

बहुतेक तक्रारी आवाजावरून होतात आणि बहुतेक गैरसमजही येथेच आहेत, म्हणून या भागावर अधिक वेळ द्यावा. २००० साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले. त्यांनुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक किंवा कोणतेही वाद्य उघड्या जागेत वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता वापर आणि सार्वजनिक आणीबाणी हे दोनच अपवाद आहेत. नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. डीजे बंद करून ढोल-ताशा सुरू ठेवणे हा मार्ग म्हणूनच चालत नाही.

याचा सर्वाधिक परिणाम आपल्या दोन प्रथांवर होतो. ठाणे, रायगड आणि नवी मुंबईच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीची रात्र हाच लग्नाचा खरा उत्सव असतो, आणि जागरण-गोंधळ तर नावाप्रमाणे रात्रभर चालतो. हळदीसाठी माझा सल्ला असा की वाजंत्री आणि नाच संध्याकाळी सहापासून सुरू करावा, दहाला पूर्ण थांबवावा आणि जेवणाच्या पंगती त्यानंतर बसवाव्यात. म्हणजे पाहुणे थांबतात आणि आवाज थांबतो. गोंधळासाठी मांडणी घराच्या आत करावी, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि संबळ-तुणतुण्याला ध्वनिक्षेपक जोडू नये. देवीच्या उपासनेला त्याची गरज कधीच नव्हती.

राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री १० ऐवजी १२ पर्यंत सवलत देऊ शकते. ही यादी जिल्ह्यानुसार बदलते आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशातून जाहीर होते. गणेशोत्सव व नवरात्रातील काही दिवस तीत बहुधा असतात. आपल्या मुलाच्या लग्नाचा दिवस त्या यादीत येत नाही, आणि योगायोगाने आलाच तरी वेळेखेरीज बाकीच्या अटी कायम राहतात.

दिवसाच्या मर्यादाही पाहाव्यात. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रासाठी, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती जाहीर केलेल्या परिसरासाठी, ५० आणि ४० डेसिबल अशी मानके आहेत. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मोजला असता क्षेत्राच्या मानकापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा, कुंपणापाशी, ६० डेसिबल. दोन माणसे समोरासमोर साध्या आवाजात बोलत असतील तर साधारण तेवढाच आवाज होतो.

हे प्रत्यक्ष जागेवर मांडून पाहू. दहा गुंठ्यांचा चौकोनी भूखंड साधारण ३२ मीटर बाजूचा असतो. मधोमध स्पीकर ठेवला तर कुंपण १६ मीटरवर येते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, त्यामुळे १ मीटरवरच्या आवाजापेक्षा १६ मीटरवरचा आवाज सुमारे २४ डेसिबलने कमी भरतो. याचा अर्थ स्पीकरपासून १ मीटरवर ८४ डेसिबल ही आपली कमाल मर्यादा झाली. लग्नातल्या डीजेच्या भिंतीसमोर १०० डेसिबलच्या वरचा आवाज सहज असतो. डेसिबलचे माप असे आहे की १० डेसिबलच्या वाढीने ध्वनीची ऊर्जा दहापट होते. तेव्हा ‘थोडासाच जास्त’ हा शब्दप्रयोग येथे लागू पडत नाही. दहा गुंठ्यांत डीजे बसवून नियम पाळणे जवळजवळ अशक्य आहे, हे बयाणा देण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

ध्वनियंत्रणा लहान ठेवणे हाच खरा उपाय आहे. दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान स्पीकर पाहुण्यांच्या जवळ, जमिनीलगत, तोंड आतल्या बाजूला करून ठेवले तर कमी आवाजात सर्वांना ऐकू येते. खर्ज नियंत्रित ठेवावा. मोजमापाच्या प्रचलित पद्धतीत खर्जाच्या ध्वनीला कमी भार दिला जातो, त्यामुळे यंत्रावर आकडा मर्यादेत दिसत असतानाही शेजारच्या घरातील भांडी आणि खिडक्यांची तावदाने थरथरत असतात. मोबाइलवरील ध्वनिमापक अंदाज घेण्यापुरता उपयोगी आहे. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी तो घेऊन कुंपणाच्या चारही बाजूंनी एक फेरी मारावी. पुरावा म्हणून मात्र प्रमाणित यंत्रावरील नोंदच ग्राह्य धरली जाते.

चौथी पायरी : पोलीस ठाण्यात अर्ज

ध्वनिक्षेपक वापरायचा असेल तर दिवसाही लेखी परवानगी लागते, मग जागा खासगी का असेना. अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा. अशी कामे अनेक ठाण्यांत गोपनीय शाखा पाहते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत काही परवाने आयुक्तालयाच्या शाखेतून मिळतात आणि काही सेवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. अर्जात कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, वेळ, जागेचा पूर्ण पत्ता, पाहुण्यांची अंदाजे संख्या, ध्वनियंत्रणेचा तपशील आणि रात्रभर दूरध्वनीवर मिळू शकेल अशा जबाबदार व्यक्तीचा क्रमांक द्यावा. सोबत ओळखपत्र, जागेच्या मालकीचा पुरावा किंवा मालकाचे संमतिपत्र, संस्थेची परवानगी आणि मागितल्यास हमीपत्र जोडावे. किमान पंधरा दिवस आधी अर्ज करणे सोयीचे ठरते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

परवानगी हातात आल्यावर तिच्यातील अटी वाचाव्यात आणि तिची प्रत डीजेवाल्याला व मंडप डेकोरेटरला द्यावी. परवानगी आहे म्हणून मर्यादा ओलांडता येत नाही. उलट, आपल्याला अटी माहीत होत्या याचा तो कागद पुरावा ठरतो.

पाचवी पायरी : मद्य असेल तर

१९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि मद्यविषयक सर्व परवाने त्याखालीच मिळतात. समारंभात पाहुण्यांना मद्य द्यायचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयातून एका दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा. मद्य परवानाधारक दुकानातूनच घ्यावे आणि पावत्या जागेवर ठेवाव्यात. गोव्याहून येताना गाडीत घातलेल्या बाटल्या वाहतूक परवान्याविना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे, किंमत कितीही कमी असली तरी. बीअर व वाइनसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. महाविद्यालयीन मुलांच्या पार्टीसाठी बंगला देणाऱ्या मालकांनी हे दोन आकडे विसरू नयेत. २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास यांसारखे कोरडे दिवस (ड्राय डे) तारीख ठरवतानाच तपासावेत. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तेथे असा विचारच करू नये.

अमली पदार्थांबाबत एवढेच सांगतो की १९८५ च्या कायद्यातील कलम २५ नुसार आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणारा मालक किंवा ताबेदारही शिक्षेस पात्र ठरतो.

सहावी पायरी : मांडव, वीज आणि आग

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवरील उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे वाढदिवस साजरा करायला आलेली माणसे होती. ज्वालाग्राही छत आणि सजावट यांमुळे आग काही मिनिटांत पसरली. घरच्या गच्चीवर कापडी छत आणि थर्माकोलची सजावट करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना गांभीर्याने घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील आगप्रतिबंधाची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर आहे. मोठ्या मांडवासाठी स्थानिक अग्निशमन दलाकडून ना हरकत घ्यावी. मांडवाला समोरासमोर दोन मोकळे मार्ग ठेवावेत, आचाऱ्याच्या शेगड्या आणि गॅसच्या टाक्या मांडवाबाहेर असाव्यात, मांडव विजेच्या तारांखाली नसावा, आणि अग्निशमन बंब आत येईल एवढी वाट रात्रभर मोकळी राहावी. विजेसाठी महावितरण किंवा आपल्या भागातील वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. खांबावर आकडा टाकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय मांडवातील आगीचे ते नेहमीचे कारण आहे. जनरेटर भाड्याने घेतलात तर त्याचाही आवाज कुंपणावर मोजला जाईल हे ध्यानात ठेवावे.

फटाके रात्री १० नंतर निवासी भागात वाजवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाने माळांवर बंदी घातली आणि लग्नांसह सर्व प्रसंगी कमी प्रदूषण करणारे फटाकेच वापरण्याचे बंधन घातले. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, बंदूक परवान्याची असली तरीही.

सातवी पायरी : कचरा, गाड्या आणि गाणी

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातलेली एक अट फार थोड्यांना माहीत असते. समारंभासाठी परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक लोक जमणार असतील, तर स्थानिक स्वराज्य संस्थेला किमान ३ कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यावा, अशी ती अट आहे. प्रभाग कार्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला एक पत्र दिले, तर दुसऱ्या दिवशी घंटागाडी न चुकता येण्याची सोयही होते. थर्माकोलची ताटे आणि एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले यांच्यावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी किंवा भाड्याची स्टीलची ताटे घ्यावीत.

गाड्यांसाठी जवळची शाळा, मैदान किंवा रिकामा भूखंड लेखी परवानगीने ठरवावा आणि दोन माणसे फक्त त्या कामावर नेमावीत. रुग्णवाहिका अडली तर समारंभाची बाकी सर्व शिस्त व्यर्थ जाते.

गाण्यांच्या हक्कांबाबत यजमानांना अनेकदा घाबरवले जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार धार्मिक समारंभात, तसेच लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळ्यांत गाणी वाजवल्यास हक्कभंग होत नाही. केंद्राच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये याची आठवण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारने त्याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले; कायद्यातील सवलत मात्र कायद्यातच असल्याने तिच्यावर त्याचा परिणाम झालेला नाही. कंपनीच्या वार्षिक मेळाव्याला किंवा तिकीट लावलेल्या पार्टीला ही सवलत नाही आणि तेथे संबंधित संस्थांचा परवाना घ्यावा लागतो.

समारंभाच्या दिवशी

एक व्यक्ती अशी नेमावी जिला जेवण वाढायचे नाही, नाचायचे नाही आणि मद्य घ्यायचे नाही. घरातील जबाबदार काका किंवा मोठी बहीण हे काम उत्तम करतात. परवानग्यांची धारिका त्यांच्याजवळ असावी, शेजाऱ्यांना त्यांचा क्रमांक आधीच द्यावा आणि डीजेवाल्याला आवाज कमी करायला सांगण्याचा अंतिम अधिकार त्यांचाच असावा. डीजेवाल्याशी झालेल्या लेखी करारात रात्री ९.४५ ला शेवटचे गाणे अशी अट घालावी. शेजारी काही दिवस आधी स्वतः जाऊन सांगावे. पलीकडे तान्हे मूल, आजारी व्यक्ती किंवा दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर स्पीकरची दिशा बदलता येते. पोलीस आलेच तर आवाज तत्काळ बंद करावा आणि कागद दाखवावेत. कोणाशी ओळख आहे हे सांगण्याची ती वेळ नव्हे.

बंगला भाड्याने देणाऱ्यांनी करारात माणसांची कमाल संख्या, रात्री १० नंतर बाहेर संगीत नाही, बाहेरची ध्वनियंत्रणा आणण्यास मनाई आणि भंग झाल्यास अनामत जप्त, या अटी स्पष्ट लिहाव्यात. राखणदाराला त्या समजावून सांगाव्यात, कारण रात्री एक वाजता तेथे मालक नसतो, तोच असतो.

शेजारी असाल तर

प्रथम यजमानाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला दूरध्वनी करावा. उपयोग झाला नाही तर ११२ वर तक्रार करून तिची नोंद घ्यावी. रात्री १० नंतर उघड्या जागेत यंत्रणा वाजत असेल तर किती डेसिबल हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नसते, वेळेचा भंग पुरेसा आहे. दिवसाच्या तक्रारीला मात्र क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वाढ असावी लागते. नाव उघड होईल या भीतीने गप्प बसू नये. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयात आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका याचिकेवर, तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करण्यास पोलिसांना बजावले आहे.

पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ खाली आवाज थांबवण्याचा आदेश मिळवू शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खालील सार्वजनिक उपद्रवाचा दंड केवळ १,००० रुपयांपर्यंत आहे. पर्यावरण अधिनियमाखालील शास्ती मात्र १ एप्रिल २०२४ पासून १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते, म्हणून तक्रारीत ध्वनिप्रदूषण नियमांचा स्पष्ट उल्लेख करावा. त्याच बंगल्यात दर शनिवारी हाच प्रकार घडत असेल, तर प्रत्येक वेळची तारीख, सुरू व बंद होण्याची वेळ, तक्रार क्रमांक आणि आपल्या खिडकीतून केलेले चित्रीकरण यांची नोंदवही ठेवावी. दोन-तीन घरांनी मिळून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्या नोंदवहीची प्रत जोडावी. आयुक्तालयाच्या हद्दीत असा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे.